मुदत हकिकतीला असते, मागणीच्या शब्दांना नव्हे

१९०९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे चार हजार एक रुपयांच्या कापडाचा वाद आला. किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा शिलवंत या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आजही सापडतो. वादींचे म्हणणे असे होते, की भागीदारीच्या करारानुसार आपण प्रतिवादींना ४,००१ रुपयांचे कापड दिले. तेव्हा भागीदारी मोडावी आणि हिशेब करून द्यावा. खालच्या न्यायालयाने पुरावा तपासला. कापड दिले हे खरे ठरले, पण भागीदारी होती हे सिद्ध झाले नाही. भागीदारीच नाही, तर ती मोडायची कशी आणि हिशेब तरी कशाचा करायचा? दावा टिकला नाही. अपिलात वादींनी विनंती केली, की भागीदारीचे राहू द्या, निदान दिलेल्या मालाचे पैसे मिळावेत एवढी मागणी दाव्यात घालू द्या. अडचण अशी होती, की पैशासाठी वेगळा दावा करायची मुदत तोवर संपून गेली होती. तरीही दुरुस्तीला परवानगी मिळाली आणि उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. मागणी नवी दिसत असली तरी मूळ गोष्ट तीच होती: यांनी माल दिला, त्यांनी घेतला, पैसे आले नाहीत.

या निकालाला शंभरहून अधिक वर्षे झाली, पण त्यातला प्रश्न जुना झालेला नाही. साठेखत झालेल्या जमिनीवर दुसऱ्या कोणाचा व्यवहार होऊ नये म्हणून माणूस घाईने मनाई हुकुमाचा दावा लावतो आणि खरेदीखत करून मिळावे ही मागणी करायची राहून जाते. कोणी मालकी ठरवून मागतो, ताबा मागत नाही. कोणी दस्त बेकायदा आहे असे दाव्यात चार ठिकाणी लिहितो, पण शेवटच्या विनंतीच्या कलमात तो रद्द करा असे म्हणायचे विसरतो. दावा चालू असतो, तारखा पडत असतात आणि चूक कळते तोवर मुदत उलटलेली असते. अशा वेळी दुरुस्ती द्यावी की नाही? माझे म्हणणे असे, की मुदत दाव्यातल्या हकिकतीला लागते, मागणीच्या शब्दांना नाही. जी हकीकत वेळेत न्यायालयापुढे आली, तिच्यावर उभी राहणारी कोणतीही मागणी मुदतीच्या कारणाने अडवू नये; आणि जी हकीकत वेळेत आलीच नाही, ती दुरुस्तीच्या आडून आत येऊ देऊ नये. हा निकष आपल्या निकालांत विखुरलेला सापडतो. तो नियमाच्या मजकुरात लिहिलेला नाही आणि त्याची किंमत सामान्य पक्षकार मोजतो.

आधी मुदतीचा कायदा कशासाठी आहे ते पाहू. १९६३ च्या मुदत कायद्याने वेगवेगळ्या दाव्यांना वेगवेगळी मुदत घालून दिली आहे. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षे. कराराच्या प्रत्यक्ष पूर्ततेसाठी, म्हणजे साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मिळण्यासाठी, करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे आणि तारीख ठरली नसेल तर समोरच्याचा नकार कळल्यापासून तीन वर्षे. मालकीच्या आधारे स्थावराचा ताबा मागायला बारा वर्षे. कलम ३ सांगते, की मुदतीबाहेरचा दावा फेटाळलाच पाहिजे, मग प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा उचललेला असो वा नसो. अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला तर कलम ५ खाली तो माफ होऊ शकतो; दाव्याला ही सवलत नाही. एवढी कडक व्यवस्था करण्यामागची कारणे रास्त आहेत. साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात, पावत्या गहाळ होतात. ज्याच्यावर दावा होऊ शकतो त्याच्या डोक्यावर ती टांगती तलवार आयुष्यभर ठेवणे अन्यायाचे आहे. जुने वाद कधीतरी मिटले पाहिजेत, ही समाजाची गरज आहे.

दुसऱ्या बाजूला दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ६, नियम १७ आहे. पक्षकारांमधील खऱ्या वादाचा निर्णय करण्यासाठी ज्या दुरुस्त्या आवश्यक असतील, त्या न्यायालय दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर करू देऊ शकते, असे तो सांगतो. वादीचे वादपत्र आणि प्रतिवादीची कैफियत या दोन्हींना तो लागू आहे. व्यवहारात हे काम अगदी कागदी असते. कोणत्या परिच्छेदानंतर कोणता मजकूर घालायचा, विनंतीच्या कलमात कोणते शब्द वाढवायचे, हे अर्जात लिहून द्यावे लागते. अर्जाला निशाणी क्रमांक पडतो, विरुद्ध बाजूचे म्हणणे येते, युक्तिवाद होतो, आदेश होतो. परवानगी मिळाली की आदेशात दिलेल्या वेळेत आणि वेळ दिली नसेल तर चौदा दिवसांत ती दुरुस्ती मूळ दाव्यात प्रत्यक्ष उतरवावी लागते. न्यायालयाने वेळ वाढवून दिली नाही तर मिळालेली परवानगीही हातची जाते. दुरुस्ती एकदा झाली, की तो मजकूर दावा दाखल झाला त्या दिवसापासूनच त्यात होता असे सर्वसाधारणपणे धरले जाते. मुदतीशी गाठ पडते ती इथे. आज, मुदत संपल्यावर, लिहिलेले वाक्य जुन्या, मुदतीतल्या तारखेचे मानले गेले, तर मुदतीच्या कायद्याला बगल दिली असे होते का?

इंग्लंडमधील न्यायालयांनी एके काळी याचे उत्तर ठामपणे 'होय' असे दिले होते. १८८७ सालच्या वेल्डन विरुद्ध नील या खटल्यात बदनामीचा दावा लावलेल्या वादीला पुढे मारहाण आणि बेकायदा अटकाव यांबद्दलच्या मागण्या जोडायच्या होत्या. त्यांची मुदत संपली होती, म्हणून परवानगी नाकारली गेली. मुदत संपल्यामुळे प्रतिवादीला मिळालेला बचाव दुरुस्तीने काढून घेऊ नये, असा नियम त्यातून रूढ झाला. भारतातील अपिले तेव्हा प्रिव्ही कौन्सिलकडे जात. १९२० साली चरणदास विरुद्ध अमीर खान या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हा नियम मान्य केला, पण त्याला अपवादही जोडला. वादींना जमीन विकत घेण्याचा अग्रहक्क बजावायचा होता. त्यांनी ताबा मागण्याऐवजी फक्त हक्क जाहीर करून मागितला. मुदत संपल्यावर मागितलेली दुरुस्ती तरीही मान्य झाली, कारण वादींना काय हवे होते याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. १९५७ साली एल. जे. लीच विरुद्ध जार्डिन स्किनर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले, की मुदत संपणे ही विचारात घेण्याची बाब आहे, पण तेवढ्याने न्यायालयाचा अधिकार संपत नाही. त्या दाव्यात मालाचा अपहार झाला म्हणून भरपाई मागितली होती. कराराप्रमाणे माल दिला नाही म्हणून भरपाई, ही पर्यायी मागणी खुद्द सर्वोच्च न्यायालयात जोडू दिली गेली.

त्याच वर्षी कापडाच्या खटल्यातील तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाची मोहर उमटली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बॅचलर यांनी १९०९ मध्ये दोन अटी सांगितल्या होत्या: दुरुस्तीने विरुद्ध बाजूवर अन्याय होऊ नये आणि खऱ्या वादाचा निर्णय करण्यासाठी ती आवश्यक असावी. पिरगोंडा होनगोंडा पाटील विरुद्ध कलगोंडा शिदगोंडा पाटील या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अटी मान्य केल्या. तिथे वादीच्या हक्काचा तपशील मूळ दाव्यात अपुरा होता. दुरुस्तीने तो भरून काढला गेला, नवा हक्क आणला गेला नाही. म्हणून ती टिकली. पुढे ए. के. गुप्ता अँड सन्स विरुद्ध दामोदर खोरे महामंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने हा विचार पुढे नेला. ठेकेदाराने करारातील दराच्या कलमाचा अर्थ ठरवून मागितला होता, पण त्या अर्थानुसार होणारी रक्कम मागितली नव्हती. जो पुढची दाद मागू शकतो, त्याने ती न मागता नुसती हक्काची घोषणा मागितली तर कायदा ती देत नाही. म्हणून दावा तांत्रिक अडचणीत सापडला. रकमेची मागणी जोडू देताना न्यायालयाने फरक असा केला, की नव्या घटनांवर उभा राहिलेला नवा दावा वेगळा आणि त्याच घटनांकडे पाहण्याची वेगळी किंवा अधिकची बाजू वेगळी. पहिल्याला मुदत आड येते, दुसऱ्याला नाही.

इथपर्यंतची वाट सरळ दिसते. पण मुनीलाल विरुद्ध ओरिएंटल फायर अँड जनरल इन्शुरन्स कंपनी हा १९९६ साली प्रसिद्ध झालेला निकाल गुप्ता प्रकरणाशेजारी ठेवून वाचला, की वाचक गोंधळून जातो. विमा उतरवलेला ट्रक हातचा गेला. मालकाने दावा लावला, की विम्याची भरपाई मिळण्याचा आपल्याला हक्क आहे असे जाहीर करावे. प्रत्यक्ष रक्कम द्यावी, अशी मागणी केली नाही. चूक लक्षात आल्यावर अपिलात दुरुस्ती मागितली, तोवर मुदत संपली होती. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. ठेकेदाराच्या प्रकरणात आणि ट्रकमालकाच्या प्रकरणात मूळ चूक एकच आहे: हक्क ठरवून मागितला, पैसे मागायचे राहिले. दोन्हीकडे करार तोच, घटना त्याच, प्रतिवादीला सगळे पहिल्या दिवसापासून ठाऊक. एकाला दार उघडले, दुसऱ्याला बंद झाले. दोन्ही निकालांना आपापली कारणे आहेत आणि कायद्याचे अभ्यासक त्यांतला फरक बारकाईने दाखवू शकतील. पण ज्याला आपल्या वकिलाकडून 'आपले काय होईल?' हे जाणून घ्यायचे आहे, त्याला या दोन निकालांतून खात्रीचे उत्तर मिळत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला जमिनीच्या प्रकरणांत हे अधिक जवळून दिसेल. विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण हे मुंबई उच्च न्यायालयाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलेले प्रकरण आहे. निकाल २००१ चा. मुले अज्ञान असताना आईने पालक या नात्याने जमिनी विकल्या. सज्ञान झाल्यावर मुलांनी ताब्यासाठी दावा लावला. अज्ञानाच्या पालकाने केलेली विक्री आपोआप निरर्थक होत नाही. ती रद्द करून घ्यावी लागते आणि त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. खरेदीखते रद्द करावीत ही मागणी दुरुस्तीने आली तोवर ही मुदत उलटली होती, म्हणून दावा टिकला नाही. के. रहेजा कन्स्ट्रक्शन्स विरुद्ध अलायन्स मिनिस्ट्रीज या १९९५ च्या निकालात सुरुवातीला फक्त मनाई मागितली होती. सात वर्षांनी करारपूर्तीची मागणी जोडू पाहिली, ती नाकारली गेली. याउलट संपतकुमार विरुद्ध अय्याकन्नू या २००२ च्या निकालात १९८८ सालच्या मनाईच्या दाव्यात अकरा वर्षांनी मालकी आणि ताब्याची मागणी जोडू दिली गेली. प्रत्येक निकालाची परिस्थिती वेगळी आहे, हे खरे. पण सात वर्षांनी नाही आणि अकरा वर्षांनी हो, असे वाचल्यावर उशिराची वर्षे मोजून काही कळत नाही, हे तरी मान्य करावे लागते. मोजायचे ते वर्षांऐवजी दुसरेच काहीतरी असले पाहिजे.

ते दुसरे म्हणजे हकीकत. आणि इथे पहिला आक्षेप येतो, तो सर्वांत वजनदार आहे. मुदत संपली की प्रतिवादीला एक हक्क मिळतो. न्यायालयाने तो दुरुस्तीच्या एका आदेशाने काढून घ्यावा का? याचे उत्तर मुदतीच्या कायद्याच्या हेतूतच आहे. पुरावा नष्ट होण्याआधी वाद न्यायालयात येणे, मनाला स्वस्थता मिळणे, कागद किती दिवस सांभाळायचे हे कळणे, या गोष्टींसाठी मुदत असते. ज्याच्यावर वेळेत दावा झाला, समन्स लागले, ज्याने वकील दिला, कैफियत दाखल केली आणि त्याच व्यवहाराबद्दलची कागदपत्रे न्यायालयात आणली, त्याचा यातला कोणता हिताचा भाग दुरुस्तीने बिघडतो? ट्रकच्या विम्याबद्दल भांडण आहे हे विमा कंपनीला पहिल्या दिवशी कळले होते. तिचा सर्वेक्षण अहवाल, पॉलिसी, पत्रव्यवहार हे सगळे भरपाईच्या हक्काला विरोध करण्यासाठी तिला जपावेच लागत होते. समोरच्याने योग्य कलम लिहायला उशीर केला एवढ्यावर जो बचाव मिळतो, त्याला हक्क म्हणता येईल. पण त्याचे मोल खऱ्या अन्यायापुढे ठेवता येणार नाही. मात्र दुरुस्तीतून अशी हकीकत येत असेल, की जिची प्रतिवादीला कल्पनाच नव्हती आणि जिचा पुरावा त्याने जपलाच नसता, तर हाच युक्तिवाद उलट दिशेने चालतो. तिथे प्रतिवादीचा हक्क खरा आहे आणि तो राखलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप निष्काळजीपणाचा. ज्याने आपला दावा नीट मांडला नाही, त्याला सवलत का? संसदेलाही हाच प्रश्न पडला होता. १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने नियम १७ काढूनच टाकायचे ठरवले होते. वकीलवर्गातून मोठा विरोध झाला आणि २००२ च्या कायद्याने नियम परत आणला. पण सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य काळजी घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता असे न्यायालयाला पटले पाहिजे, ही अट जोडली. दोन्ही बदल १ जुलै २००२ पासून एकत्र अमलात आले. ही अट मला योग्य वाटते आणि ती राहावी. पण ती मुदतीचा प्रश्न सोडवत नाही. ती सांगते की उशीर कितपत चालेल, मुदतीनंतरची मागणी मुळात येऊ शकते का हे सांगत नाही. शिवाय निष्काळजीपणा कोणाचा, हेही पाहायला हवे. जमिनीच्या दाव्यातला शेतकरी काय घडले ते सांगू शकतो: कोणी कोणाला किती पैसे दिले, नांगर कोणी घातला, बांध कोणी सरकवला. त्यावर मनाई मागायची, घोषणा मागायची की ताबा, हे कायद्याचे ज्ञान आहे. हकीकत सांगण्यातली कुचराई पक्षकाराची आणि दाद निवडण्यातली चूक बहुधा वकिलाची असते. दुसऱ्या चुकीसाठी पक्षकाराने अख्खी जमीन गमवावी, ही शिक्षा चुकीच्या मानाने फार मोठी आहे. अशा चुकीला योग्य शिक्षा म्हणजे विरुद्ध बाजूला खर्च द्यायला लावणे, आणि तोही नावापुरता नव्हे. रेवाजितू बिल्डर्स प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती देताना खर्च लावण्यामागची कारणे तपशिलाने सांगितली आहेत. खालच्या न्यायालयांनी ती मनावर घेतली पाहिजेत.

हा निकष वादीला नेहमी झुकते माप देतो असेही नाही. जे. सॅम्युएल विरुद्ध गट्टू महेश या २०१२ च्या निकालात करारपूर्तीचा दावा होता. आपण आपल्या बाजूचे सगळे पूर्ण करायला तयार होतो आणि तशी आपली इच्छा होती, हे विधान अशा दाव्यात असावेच लागते, ते नव्हते. युक्तिवाद संपल्यावर टंकलेखनातली चूक असे सांगून दुरुस्ती मागितली, ती नाकारली गेली. माझ्या मते तो निकाल योग्य आहे, कारण तिथे हकिकतीतला एक आवश्यक भागच गायब होता. वादी पैसे घेऊन तयार होता का, हा प्रश्न प्रतिवादीच्या उलटतपासणीचा गाभा असतो. तो शेवटच्या क्षणी कागदावर आणणे म्हणजे दुसऱ्या बाजूला बचावाची संधी नाकारणे. पक्षकार बदलण्याबाबत तर कायद्याने स्वतःच रेघ ओढली आहे. मुदत कायद्याच्या कलम २१ नुसार नवा वादी किंवा प्रतिवादी जोडला, तर त्याच्यापुरता दावा तो जोडला गेला त्या दिवसाचा धरतात. मूळ चूक प्रामाणिक होती असे पटले तरच न्यायालय आधीची तारीख देऊ शकते. पण नाव चुकीचे लिहिले गेले आणि माणूस तोच असेल, तर गोष्ट निराळी. जयजयराम मनोहरलाल या १९६९ च्या प्रकरणात कुटुंबाच्या धंद्याच्या नावाने दावा लागला होता, खऱ्या मालकाच्या नावाने नाही. सर्वोच्च न्यायालयाने नाव सुधारू दिले. इथेही प्रश्न तोच: समोर कोण आहे आणि भांडण कशाचे आहे, हे प्रतिवादीला ठाऊक होते का?

तिसरा आक्षेप दिरंगाईचा. आधीच दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालतात. दुरुस्तीची वाट मोकळी केली तर ते संपणारच नाहीत, असे म्हटले जाते. पण अनुभव असा, की वेळ दुरुस्तीपेक्षा दुरुस्तीवरच्या भांडणात जास्त जातो. अर्ज मंजूर झाला तर प्रतिवादी उच्च न्यायालयात जातो, नामंजूर झाला तर वादी. मूळ दावा तिथेच थांबतो. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स हे प्रकरण पाहा. करारपूर्तीचा दावा १९८६ चा. त्यात नुकसानभरपाईची रक्कम वाढवून मागण्याची दुरुस्ती तीस वर्षांनंतर मागितली गेली आणि त्या एका दुरुस्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०२२ मध्ये संपला, दुरुस्ती टिकली. करारपूर्तीच्या दाव्यात भरपाईची मागणी कोणत्याही टप्प्यावर जोडू द्यावी, असे विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २१ मध्येच लिहिलेले आहे. जिथे कायदा स्पष्ट बोलतो तिथेही एवढा झगडा होतो, तर जिथे तो गप्प आहे तिथे काय होत असेल? स्पष्ट निकष असता, तर बहुतेक अर्ज तालुक्याच्या न्यायालयातच निकाली निघाले असते. दोन कागद शेजारी ठेवायचे, मूळ दावा आणि दुरुस्तीचा मजकूर, आणि पाहायचे: मूळ दावा वाचून प्रतिवादीला कशाचा बचाव करायचा आणि कोणता पुरावा जपायचा हे कळत होते का? याला साक्षीपुराव्याची गरज नाही.

न्यायालयांनी एक मधला मार्गही काढला आहे. मुदतीचा प्रश्न वादग्रस्त असेल तर दुरुस्ती करू द्यावी आणि मुदतीचा मुद्दा काढून तो अंतिम निकालात ठरवावा, असे २००१ मध्ये रघु तिलक जॉन आणि २००४ मध्ये पंकजा विरुद्ध येल्लाप्पा या निकालांत म्हटले आहे. मुदत कधी सुरू झाली हेच वादात असेल, म्हणजे नकार कधी कळला, दस्ताची माहिती कधी झाली, तर हा मार्ग बरोबर आहे; ते पुराव्याशिवाय ठरत नाही. पण तारखा वादात नसताना निव्वळ प्रश्न पुढे ढकलण्यासाठी तो वापरला, तर पक्षकार आणखी दहा वर्षे लढून शेवटी तेच ऐकतो, जे त्याला आज सांगता आले असते. संपतकुमार प्रकरणातला उपाय जास्त उपयोगी आहे. दुरुस्ती मंजूर करताना नवी मागणी अर्जाच्या तारखेला केली असे धरावे, असा आदेश तिथे दिला गेला. म्हणजे मागे नेणे हा दुरुस्तीचा अटळ परिणाम नाही. न्यायालय तो आवरू शकते. हकीकत जुनी असेल तर जुनी तारीख, हकीकत नवी असेल तर अर्जाची तारीख, एवढी साधी विभागणी त्यातून करता येते.

काही जण म्हणतील, की हे सगळे न्यायालयाच्या विवेकावर सोडलेलेच बरे. नियमात लिहिले की लवचीकता जाते. इतिहास वेगळे सांगतो. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, दाव्याचे स्वरूप बदलून तो वेगळ्या आणि विसंगत प्रकारचा होईल अशी दुरुस्ती करू नये, ही मर्यादा मजकुरातच होती. १९०८ च्या संहितेने ती गाळली आणि विवेकाला मोकळे रान दिले. तेव्हापासून आपण निकालांतून मर्यादा शोधत आहोत. वेल्डन खटल्याचा कडक नियम जिथे जन्मला, त्या इंग्लंडने १९८० च्या मुदत कायद्यात आणि पुढे प्रक्रियेच्या नियमांत कसोटी लिहून ठेवली: मुदतीनंतरची नवी मागणी आधीच मांडलेल्या त्याच किंवा बहुतांशी त्याच घटनांतून निघत असेल तर ती घेता येते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या नियमांतही मूळ दाव्यातल्या त्याच वर्तनातून, व्यवहारातून किंवा घटनेतून निघालेली मागणी मूळ तारखेची धरतात. दोन्ही ठिकाणी विवेक संपलेला नाही. त्याला दिशा मिळाली आहे. आपल्याकडे कापडाच्या खटल्यापासून गुप्ता प्रकरणापर्यंत हीच दिशा सांगितली गेली. आपल्याला ती उसनी आणायची नाही, फक्त लिहून ठेवायची आहे.

नियम १७ ला दोन वाक्ये जोडली तरी काम होईल. मूळ दाव्यात सांगितलेल्या त्याच किंवा बहुतांशी त्याच हकिकतीवर आधारलेली दुरुस्ती केवळ मुदत संपली म्हणून नाकारली जाणार नाही आणि ती मूळ तारखेची धरली जाईल. नव्या हकिकतीवर आधारलेली मागणी अर्जाच्या तारखेची धरली जाईल आणि त्या दिवशी तिची मुदत संपलेली असेल तर ती नाकारली जाईल. काळजी आणि खर्चाच्या अटी आहेत तशाच राहतील. हे संसदेने केले तर उत्तम. पण संसदेची वाट पाहायलाच हवी असे नाही. संहितेच्या कलम १२२ ने उच्च न्यायालयांना पहिल्या अनुसूचीतील नियम बदलण्याचा अधिकार दिला आहे आणि नियम १७ त्या अनुसूचीतच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने आजवर त्यातले अनेक नियम बदलले आहेत. हा बदल होईपर्यंत पक्षकाराच्या हाती एक गोष्ट आहे: दाव्यावर सही करण्यापूर्वी शेवटचे विनंतीचे कलम वाचून वकिलाला विचारणे, की हे सगळे मिळाले तर जमीन, पैसे किंवा दस्त खरोखर माझ्या हाती येईल का. आणि घडलेली हकीकत तारखांसह, काहीही न वगळता दाव्यात लिहवून घेणे. मुदतीचा कायदा हक्कावर झोपलेल्याला मदत करत नाही, हे योग्यच आहे. पण जो वेळेत आला, ज्याने घडले ते सगळे वेळेत सांगितले, तो झोपलेला नव्हता. मागणीचे एक वाक्य राहिले म्हणून त्याला झोपलेल्यांत मोजणे बंद करण्याचे काम मुंबई उच्च न्यायालय स्वतःच्या नियमाने सुरू करू शकते, आणि त्याने ते करावे.